पाण्याची दिशा

मंगळवारी सकाळी पावणेनऊ वाजता शांता गेली. मी बेलाची पानं आणायला बाहेर गेलो होतो. परत आलो तेव्हा शेजारच्या वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली. डॉक्टर येऊन गेले होते. दुपारी उमाला, आमच्या मुलीला, फोन लागला. बुधवारी सकाळी ती कोल्हापूरला पोहोचल्यावर आम्ही शांताला रुद्रभूमीत, आमच्या दफनभूमीत, समाधी दिली.

आम्ही लिंगायत. गळ्यातलं इष्टलिंग सकाळी डाव्या तळहातावर घ्यायचं, पाणी, विभूती, बेल वाहायचा आणि थोडा वेळ त्याच्याकडे बघत बसायचं, हे मी आठ वर्षांचा असल्यापासून करत आलो. कॉलेजच्या ग्रंथालयात पस्तीस वर्षं नोकरी केली, पण पूजा केल्याशिवाय कधी कामावर गेलो नाही. आणि शांताच्या छातीत कळ आली तेव्हा मी त्याच पूजेसाठी बेल तोडत होतो. तिनं हाक मारली असेल. वहिनींना ती भिंतीपलीकडून ऐकू गेली आणि मी देवळामागच्या झाडाखाली कोवळी त्रिदळं निवडत होतो. बुधवारी रुद्रभूमीतून आल्यावर मी अंघोळ केली, पण पूजेला बसलो नाही. लिंग गळ्यातून काढलं नाही. तेवढं धाडस माझ्यात नव्हतं. फक्त ते ज्यात असतं ती चांदीची डबी उघडली नाही. मनात एकच प्रश्न फिरत होता, की हे कुठून आलं. कोणत्या चुकीमुळे आलं, मी कुठे कमी पडलो, की पूजेतच काही खोट होती. पुस्तकांत राहिलेल्या माणसाला वाटतं की प्रत्येक गोष्टीचं मूळ कुठल्या तरी पानावर सापडतंच. मी ते पान शोधत होतो.

उमाच्या कामाबद्दल इथे सांगायला हवं. समुद्रावर एखादी बोट हरवली किंवा माणूस पाण्यात पडला, तर त्याला कुठे शोधायचं हे ठरवणं हे तिचं काम. किनाऱ्यावरच्या एका शहरातल्या बचाव केंद्रात ती आहे. आमच्या नातेवाइकांना हे काम कधी नीट समजलं नाही. "गावात रंकाळा सोडून पाणी न्हाय आन पोरगी समुद्र मोजाय गेली," असं शांताचे धाकटे भाऊ, म्हणजे उमाचे मामा, दर लग्नात म्हणायचे. मला मात्र ते काम पहिल्यापासून आपलं वाटलं. ग्रंथालयात पुस्तक चुकीच्या कपाटात गेलं की आम्हीही हेच करायचो. शेवटचं कुठे दिसलं, कोणाच्या हातात होतं, ठेवणाऱ्याचा हात कोणत्या बाजूला गेला असेल, हे बघायचं. फरक इतकाच, की पुस्तक कपाटात बसून राहतं आणि समुद्रातला माणूस बसून राहत नाही. वारा त्याला ढकलत असतो, पाणी ओढत असतं. उमा ते दोन्ही मोजते, किती तास झाले ते बघते आणि आत्ता तो कुठे असावा याचा एक बिंदू काढते. त्या बिंदूभोवती चुकीला जागा ठेवून चौकोन आखते. विमानं आणि जहाजं त्या चौकोनात जातात. कोणी सापडलं नाही, तर पुढचा चौकोन मोठा आखावा लागतो. एकदा ती शांताला म्हणाली होती, "अव्वा, आम्ही उशीर केला की समुद्र मोठा होतो." शांता त्यावर म्हणाली होती, "मग बोलत काय बसलीस? जा की."

गुरुवारी सकाळी दहाच्या सुमारास उमाचा फोन वाजला. तिच्या हाताखाली नुकतीच आलेली रेश्मा नावाची अधिकारी बोलत होती. आधी तिनं बराच वेळ माफी मागितली. मग कळलं ते असं. मासेमारीची एक बोट मंगळवारी सकाळी भर समुद्रात बंद पडली होती. तिच्यावर पाच माणसं होती. बॅटरी गेल्यामुळे त्यांचा बिनतारी संचही मुका झाला होता. दुसऱ्या एका बोटीनं त्यांना पाहिलं होतं, पण ती स्वतःच गळकी, ओढून आणणं तिला जमलं नाही. किनाऱ्याजवळ येऊन फोन लागला तेव्हा तिच्या तांडेलानं, म्हणजे बोटीच्या नायकानं, एका लहान ठाण्यावर निरोप दिला. बोट कुठे होती, वारा कसा होता, पाणी कसं होतं, सगळं सांगितलं. बुधवारी दिवसभर शोध झाला. काही मिळालं नाही. गुरुवारी पहाटे चौकोन मोठा केला, तरी काही नाही. "मॅडम, गणित तीनदा तपासलं, चूक सापडत नाही," असं ती मुलगी म्हणत होती. तिचा रडवेला आवाज माझ्या खुर्चीपर्यंत ऐकू येत होता.

उमा उठली. पुस्तकांना घालण्यासाठी मी आणून ठेवलेला खाकी कागद तिनं कपाटातून काढला, आतल्या खोलीत जमिनीवर पसरला आणि आकडे विचारून लिहायला लागली. केंद्रात हे सगळं संगणक करतो. पण तिला हातानं करून बघायची सवय आहे, ती तिनं सोडलेली नाही. आमच्यात सुतक पाळत नाहीत, म्हणून धर्माची आडकाठी नव्हती. बाहेर मात्र भेटायला आलेली माणसं बसली होती. मामा आत आले.

"उमे, आई जाऊन दोन दिस झाल्यात. भायेर मानसं बसल्यात आन तू ही आकडेमोड घिऊन बसलीयास व्हय?"

"मामा, पाच माणसं समुद्रात आहेत. मंगळवारपासून."

"मग तितं हापिसात कोण न्हाय?"

"आहेत. सापडत नाहीत."

गूळबाजारात सगळा जन्म ओरडण्यात गेलेला हा माणूस. पण मामा तिच्यासमोर मांडी घालून बसले आणि गुंडाळत चाललेल्या कागदाचं टोक त्यांनी गुडघ्याखाली दाबलं. "मला त्यातला वकूब काय न्हाय. पट्टी धर म्हणालीस तर धरतो," म्हणाले. त्यानंतर जो कोणी आत डोकावला त्याला त्यांनी तिथूनच सांगितलं, "पावणं, जरा दम धरा. काम चाललंय."

दीड तास गेला. उमाचा बिंदू रेश्माच्या बिंदूवरच येऊन पडला. निरोपाप्रमाणे वारा उत्तरेचा होता, तो बोटीला दक्षिणेकडे ढकलणार. पाण्याच्या रकान्यात 'दक्षिण' लिहिलेलं होतं, म्हणजे पाणीही दक्षिणेकडेच ओढणार. दोन्ही बाण एका बाजूला. या दिवसांत त्या भागात पाणी सहसा उत्तरेला जातं, पण दोन दिवसांपूर्वी तिथे वादळी वारं होऊन गेलं होतं आणि अशा वेळी पाणी काही काळ उलटंही फिरतं. म्हणून कोणाला शंका आली नव्हती. "सगळं बरोबर आहे, अप्पा," ती मला म्हणाली. एवढीशी झाली होती. बुधवारपासून तिनं धड खाल्लं नव्हतं आणि आईसाठी ती अजून रडलीही नव्हती.

बाराच्या पुढे एक बाई दारात आली. साठी उलटलेली, डोक्यावर पदर, हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी. "स्टँडवरच्या बाईसाहेबांचं घर ह्येच न्हवं?" तिनं विचारलं. शांता बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत होती, तिला निवृत्त होऊन सात वर्षं झाली. पण गावात तिची ओळख तीच राहिली. ही बाई हुपरीची. घरी बसून पैंजणांच्या कड्या जोडते. गाडीत वाहकाच्या तोंडून तिला शांताची बातमी कळली होती. मी तिला कधी पाहिलं नव्हतं आणि शांतानं तिचं नावही कधी घेतलं नव्हतं. ती भिंतीला टेकून बसली आणि मोठ्यानं रडली. मग पदरानं तोंड पुसून, कोणी विचारलं नसताना, सांगायला लागली.

"वीस वरसं झाली आसतील. अंगावरच्या लुगड्यानिशी भायेर पडलते मी. त्वांड सुजलेलं. खिडकीवर गेले, पर शबुदच फुटंना. मागनं लोकं वरडाय लागली. जो तो आपला इचारतोय, कुठनं आलीस, कुणाची तू, काय झालं? बाईसाहेब खिडकीतनं उठून भायेर आल्या. मला बाकड्यावर बसवलं, चा पाजला. आन म्हनल्या, 'कुठनं आलीस ते ऱ्हाऊ दे बाई. कुठं चाललीस तेवढं सांग. गाडी त्यावर ठरती.' मी म्हनलं, जयसिंगपूरला, भनीकडं. गाडीत बसवून दिलं की मला. माज्यासाठी वाहकाला चार शब्द बोलल्या. त्या दिसापास्नं मी मानूस हाय बघा."

उमा पाणी प्यायला बाहेर आली होती. ती तांब्या हातात घेऊन उंबऱ्यात उभी होती. बाईचं बोलणं संपलं तेव्हा तिनं तांब्या तसाच खाली ठेवला आणि आत गेली. मी तिच्यामागे गेलो. ती फोनवर म्हणत होती, "रेश्मा, पाण्याच्या रकान्यात 'दक्षिण' कोणी लिहिलं? ज्यानं निरोप घेतला त्याला आत्ता शोध. त्याला एवढंच विचार, की तांडेल काय म्हणाला होता. पाणी दक्षिणेकडे चाललं होतं, की दक्षिणेकडून आलं होतं?"

नंतर तिनं मला समजावलं ते साधं आहे. वाऱ्याला तो जिकडून येतो त्या दिशेचं नाव देतात. उत्तरेचा वारा म्हणजे उत्तरेकडून आलेला. समुद्राच्या प्रवाहाला मात्र तो जिकडे जातो त्या दिशेचं नाव देतात. दोन शेजारचे रकाने, पण रीत उलटी. हे काम करणाऱ्या प्रत्येकाला ते पहिल्याच आठवड्यात शिकवतात, आणि म्हणूनच पुढे कोणी ते तपासत नाही. वीस मिनिटांनी रेश्माचा फोन आला. ठाण्यावरच्या त्या माणसानं प्रामाणिकपणे सांगितलं. तांडेल म्हणाला होता, पाणी उत्तरेला ओढतंय. वारा लिहिला तसंच पाणीही लिहायचं असं समजून यानं ते उलटवलं, 'दक्षिण' लिहिलं. त्याला वाटत होतं की आपण नियमानंच लिहिलं.

उमानं खाकी कागदाची कोरी बाजू वर केली. या वेळी बाण समोरासमोर आले. बोट जड, पाण्यात खोल बसलेली. वाऱ्याचा हात तिला फारसा लागत नाही, पाणीच तिला नेतं. नवा बिंदू जुन्या चौकोनाच्या बाहेर, पार वर निघाला. मामा दोन्ही हातांनी कागद दाबून बसले होते आणि त्यांच्या कपाळावर घाम होता. "आगं म्हंजे दोन दिस उलट्या अंगाला हुडकत हुते की!" ते ओरडले. उमा म्हणाली, "हो मामा. आणि सापडले नाहीत म्हणून त्याच बिंदूभोवती चौकोन मोठा करत होतो." तिनं आकडे सांगितले, रेश्माकडून परत वदवून घेतले, आणि पेन्सिल खाली ठेवली. सव्वा वाजला होता.

उमाचं ते 'चौकोन मोठा करत होतो' माझ्या मनात अडकून राहिलं. मीही मंगळवारपासून तेच करत होतो. एका बिंदूभोवती, 'हे कुठून आलं' या बिंदूभोवती, माझा चौकोन रोज मोठा होत होता. आधी त्यात माझी चूक होती, मग डॉक्टर आले, मग माझी पूजा, मग देव. सापडत काही नव्हतं. बिंदू तपासावा असं मला सुचलं नव्हतं. जी माझ्या शेजारी चाळीस वर्षं राहिली तिनं एका खिडकीत बसून हजारो माणसांना सांगितलं होतं, की कुठून आलात ते राहू द्या, कुठे चाललात ते सांगा, आणि मी ते एका अनोळखी बाईकडून ऐकत होतो. शांता घरी आल्यावर कामाचं काही बोलायची नाही. मला वाटायचं, गाड्यांच्या वेळा सांगण्यात बोलण्यासारखं काय असणार.

संध्याकाळी कळलं की विमानाला नव्या चौकोनात एक निळं पिंप तरंगताना दिसलं, पण बोट दिसली नाही आणि उजेड संपला. ती रात्र कशी गेली ते मी लिहीत नाही. शुक्रवारी सकाळी अंघोळ करून मी पाटावर बसलो. वहिनींनी मंगळवारी माझ्या हातून घेतलेली पिशवी स्वयंपाकघरात खिळ्याला तशीच होती. बेल वाळला होता, पण बेल शिळा होत नाही असं आमचे वडील सांगत. मी डबी उघडली आणि लिंग तळहातावर घेतलं. त्या पाच माणसांसाठी मागावं असं मनात आलं. मग वाटलं, तो हिशेब आता माझ्या हातात नाही, उमाच्याही नाही. तिनं तिचं कायक, म्हणजे पूजा मानून करायचं काम, केलं, जेवढं माणसाच्या हाताला येतं तेवढं सगळं केलं. आता पाणी आणि तो. मी मागितलं नाही. विचारलंही नाही. शांताला तुझ्याकडे नेतोस ना, एवढंच बहुतेक मनात होतं, आणि त्यालाही प्रश्नचिन्ह नव्हतं.

मी विभूती लावत असताना उमा दारात आली. "अप्पा, सापडले," ती म्हणाली. "पाचही." बोट नव्या चौकोनाच्या वरच्या कडेला होती. मासे ठेवायला घेतलेला बर्फ वितळवून ती माणसं तीन दिवस पाणी प्यायली होती. एवढं सांगून ती माझ्याजवळ जमिनीवर बसली आणि आईसाठी रडली. मी उजवा हात तिच्या डोक्यावर ठेवला, डाव्यात लिंग होतं. असं पूजेत हलू नये म्हणतात. मी हललो.

मामांनी ते गल्लीभर केलं. ज्या माणसानं आदल्या दिवशी लोक काय म्हणतील म्हणून तोंड वाकडं केलं होतं, तो कोपऱ्यावरच्या दुकानात उभा राहून सांगत होता, "आमच्या भाचीनं खोलीत बसून पाच मानसं काढली की समुद्रातनं! कागुद मी धरलावता." उमाला ते आवडलं नाही. ती मला म्हणाली, "अप्पा, यात चमत्कार काही नाही. मला ते सुचायलाच हवं होतं. आज नाही तर उद्या सुचलंच असतं." मी म्हणालो, "हो, सुचलं असतं." उद्यापर्यंत बर्फ पुरला असता का, हे मी तिला विचारलं नाही. वाद घालण्यासाठी मी हे लिहीत नाही. मंगळवारी सकाळी शांता गेली, त्याच सकाळी ती बोट बंद पडली. गुरुवारी बाराच्या पुढे हुपरीहून एक बाई भाकरी घेऊन आली. झालं ते एवढं. ज्याला जसं वाचायचं तसं त्यानं वाचावं. मी ते हात जोडून वाचतो.

शांताची शिवगणाराधना, म्हणजे मरणोत्तर विधी, झाल्यावर मी हुपरीला गेलो. बाई दारातच चटईवर कड्या जोडत बसली होती. मी तिला सगळं सांगितलं, पाण्याचं, वाऱ्याचं, पाच माणसांचं. तिनं चिमटा खाली ठेवून ऐकलं आणि म्हणाली, "मी काय केलं वो त्यात? मी आपली रडाय आलते." मग आत बघून ओरडली, "आगं, बाईसाहेबांचं मालक आल्यात, चा टाक!" बाईसाहेबांचे मालक. सगळा जन्म पुस्तकांच्या नावांच्या नोंदी केल्या, पण स्वतःसाठी याहून चांगली ओळख मला मिळालेली नाही.

भक्तानं अभिमान धरू नये असं वाचलं आहे, अनेक ग्रंथांत वाचलं आहे, आणि इतरांना काढूनही दिलं आहे. पण मला माझ्या मुलीचा अभिमान वाटतो. आईला समाधी देऊन आल्यावर दुसऱ्या दिवशी ती परक्या पाच माणसांसाठी जमिनीवर कागद पसरून बसली, आणि गणित बरोबर आहे असं सगळे म्हणत असताना तिनं गणिताच्या मागचा माणूस शोधायला लावला. मला माझ्या बायकोचा अभिमान वाटतो, तो मात्र मी उशिरा धरला. हा अभिमान देवाच्या पायाशी वाहून टाकावा असं एकदा वाटलं. मग वाटलं, त्यानंच दिला आहे, असू द्यावा. शरण जाणं म्हणजे सगळं खाली ठेवणं अशी माझी समजूत होती. आता वाटतं, जे हातात आहे ते नीट करणं आणि जे पाणी नेतं आहे ते कुठे नेतं आहे तिकडे बघणं, एवढंच ते असावं. मला ते नेहमी जमतं असं नाही.

ती पाच माणसं आपापल्या घरी आहेत. उमा कामावर परत गेली. शांता नाही. मी इथे आहे आणि रोज सकाळी पूजा करतो.